भरतीला दोन, ओहोटीला तीन

ओहोटीला तीन जिल्हे, भरतीला दोन:
डेलावेअरचा हा विनोद चार दिवसांत मला
सहा जणांनी सांगितला.
सहाही वेळा मी हसले.
पाहुण्यानं हसायचं असतं.

नकाशा मांडीवर उलगडला तर अख्खं राज्य
दोन गुडघ्यांच्या मध्ये मावतं.
सकाळी उत्तरेला बंद गिरणीशेजारी कॉफी,
दुपारी डोव्हरच्या हिरवळीवर अर्धं सँडविच,
उरलेलं अर्धं खारीला.
वस्तूंवर इथे विक्रीकर नाही,
म्हणून शेजारच्या राज्यातले लोक फ्रीज घ्यायला येतात
आणि समुद्र बघायचा राहून जातो.

बॉम्बे हुक नावाची एक दलदल आहे.
डच म्हणाले होते, झाडोऱ्याचं टोक,
इंग्रजांच्या कानाला ते बॉम्बे लागलं.
ऐकण्यातली चूक. पाटीवर रंगवलेली, ठळक.
मी पाटीपाशी उतरले नाही, डास फार होते.
हवाई तळावरून निघालेलं करडं विमान
इतकं सावकाश डोक्यावरून गेलं
की बगळे उडायचे विसरले.
"यातून पेट्याही येतात कधी कधी, झेंड्यात गुंडाळलेल्या,"
रखवालदार म्हणाला,
आणि दुर्बीण माझ्या हातात देऊन
पाणकावळा कुठे बसलाय ते दाखवू लागला.

हॅरिंग्टनच्या पुढे स्ट्रॉबेरीचा ठेला.
अर्नेटा, नखांच्या कडा लाल,
मागे लांबलचक पत्र्याच्या शेडा आणि
कोंबड्यांचा तो वास, जो दोन गावं सोबत येतो.
"समुद्र? बावीस मैल. तेरा वर्षांत गेले नाही.
गाड्यांची रांग, पार्किंगचे पैसे,
आणि यांच्याकडे कोण बघणार?"
मग वजनकाट्यावरची नजर न काढता:
"कसा आहे यंदा?"
जणू दूरच्या नात्यातलं कुणी, आजारी असलेलं.

रेहोबथच्या फळकुटांच्या रस्त्यावर
सगळी माणसं एकाच वेळी काहीतरी खात होती.
केप हेन्लोपेनला वाळूत उभे काँक्रीटचे मनोरे,
वर डोळ्याएवढ्या आडव्या फटी.
युद्धात इथून शत्रूची जहाजं शोधायचे.
त्याच फटीतून एक पोरगा
आइस्क्रीमची गाडी शोधत होता.
"दिसली! दिसली!" मनोरा आतून घुमला.

रात्री पौर्णिमा.
मोटेलच्या मालकीणबाई, व्हर्लीन ट्रुइट, वय एक्काहत्तर,
गमबूट घालून दारात: "येतेस?"
किनाऱ्याचं नाव कत्तलीचं.
का, ते ती सांगत होती, पण वारा मध्ये आला.
आणि पाण्याच्या कडेनं शेकडो,
घोड्याच्या नालासारखे, हेल्मेटसारखे,
एकमेकांवर आपटत वर येणारे.
"खेकडे म्हणतात, पण ते खेकडे नव्हेत. कोळ्याच्या गोतातले."
माझ्या भाषेत कोळी दोन.
जाळं दोघांचंही.
हे तिला सांगायला इंग्रजी पुरलं नाही,
मी नुसतेच हात हलवले.

लाटेनं उलटे पडलेले पाय हवेत चालवत राहतात,
सकाळी कुरव येऊन पोट फोडतात.
"शेपटीला धरायचं नाही. कडेला. हं, असं."
थंड, जड, खरबरीत. एका पाठीवर
शिंपले घर करून बसलेले.
सुलटा केला की तो थांबत नाही,
आभार नाही, काही नाही,
सरळ पाण्याकडे.
तिचा नातू टोबिन हातातलं मोजायचं यंत्र
टिकटिक दाबत मागून.
माझी कंबर ऐंशीलाच गेली.
बाई वाकतच राहिल्या.

परतताना ठेल्याशी थांबले.
"पाणी कोमट आहे," म्हटलं, "आणि दोनशे सोळा सुलटे केले,
आम्ही तिघांनी."
"दोनशे सोळा," अर्नेटा म्हणाली,
शेडमधला हिशोब म्हणावा तसं.
हात पुसले, एक टोपली पुढे सरकवली,
पैसे घेतले नाहीत.
मग जरा ओणवी होऊन:
"आमच्या राज्याबद्दल एक विनोद आहे. ऐकलायस?"

"नाही," मी म्हणाले. "सांगा."